बटणाएवढा सेल

शर्टांच्या कारखान्यातल्या काजवालीच्या फायद्याचा हिशेब शिलाईमास्तरांनी उभ्याउभ्याच मांडून दिला: रोज दोन तास ओव्हरटाइम, महिनाअखेरीला सव्वापट पगार, आणि कपातीच्या यादीतून नाव बाद.

"बातम्यांत आपलं चलन पडलं म्हणून रडारड, आणि तुम्ही दात काढताय?" तिनं विचारलं.

"अगं, आपलं चलन पडलं की बाहेरच्या गिऱ्हाइकाला आपला शर्ट स्वस्त. तू काजं कर, बाकीचं वरचे बघतील."

कुठल्याशा लांबच्या खोलीत चार माणसांनी चलनाच्या दराचा एक आकडा सैल सोडला काय, आणि फडक्याखाली झाकलेली यंत्रं सकाळी एकदम खडखडू लागली काय! काजवालीनं हात जोडायचेच बाकी ठेवले.

ही नवलाई तिनं घरी बाबांना सांगितली. बाबा याच कारखान्यात कापड कापायचे. कारखान्यानं त्यांना पगार दिला आणि कान ठेवून घेतले. आता कानामागे ऐकायचं यंत्र होतं. जेवताना लेकीनं तिथल्या खबरी सांगायच्या आणि बाबांनी शेरे मारायचे, हा रोजचा नेम.

महिनाभर ती भरभरून बोलली. बाबा हसायचे, शेरे मात्र थांबले होते. वय झालं, असं तिनं धरलं.

वाढीव पगार हातात पडला तशी ती बाबांच्या यंत्राचे सेल घ्यायला दुकानात शिरली.

"काका फिरकलेच नाहीत महिनाभर," दुकानदार म्हणाला. "महिन्यामागं भाव ऐकून 'बघू' म्हणाले, ते गेलेच."

"एवढा काय वाढला?"

"दुप्पट, ताई. माल बाहेरचा, त्यात आपलं चलन पडलेलं. वर सरकारची तिजोरी रिकामी, म्हणून माफ केलेला आयात कर पुन्हा बसवलाय."

तिनं सेल तळहातावर घेतला. शर्टाच्या बटणाएवढा. इतक्या लांबून सुटलेला आकडा वाटेत कुठंही न चुकता तिच्या घरी पोचला होता. एका हातानं देत, दुसऱ्यानं घेत. तिनं पैसे मोजले.

घरी बाबा ताटावर बसले होते. यंत्र कानामागे होतं.

"बाबा, मला आज कामावरून काढलं."

बाबा मान डोलावून प्रसन्न हसले.

तिनं यंत्र काढून पाहिलं. सेलचा खण रिकामा. सेल घालून तिनं ते परत कानाला लावलं.

"बोलला का नाहीत?"

"तुझ्या पहिल्या वाढीवर माझाच खर्च कशाला? आणि बोलताना छान दिसतेस तू. तेवढं दिसत होतं की." मग ताट पुढं ओढत म्हणाले, "मास्तर अजून तसाच चिक्कू आहे का?"

ती पहिल्या दिवसापासून पुन्हा सांगू लागली. जेवण झाल्यावर, यंत्र बंद राहून सेल जास्त दिवस पुरावा म्हणून, बाबांनी खणाचं झाकण उघडून ठेवलं.

शर्ट परक्या गिऱ्हाइकाला मिळाला, कर सरकारला, ओव्हरटाइम काजवालीला. या सगळ्याची किंमत मात्र बाबांनी भरली होती: महिनाभराचा तिचा आवाज.