डेड कॉर्नर

किचनवाला आला तेव्हा काकू जमिनीवर बसून भाजी चिरत होत्या. त्याने टेप सर्रकन ओढली आणि काकूंना वळसा घालून भिंत मोजली. वाटेतल्या पिंपाला घालावा, तसा वळसा.

सूनबाई बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिला या दिवसाची केवढी हौस! जुन्या ओट्याची फरशी तडकलेली, सिंकखाली सदा ओल, एक पातेलं काढायचं तर चार उतरवावी लागायची. नवं स्वयंपाकघर कसं असेल याची चित्रं ती बाळाला पाजता पाजता मनात रंगवत असे.

किचनवाल्याने कागद पसरला. "हे बघा ताई, फ्रिज, सिंक आणि शेगडी, तिन्ही हाताच्या अंतरावर. काढलं, धुतलं, चिरलं, शिजायला टाकलं. उगाच येरझाऱ्या नकोत."

"आणि रंग?" सासूबाईंनी विचारलं.

"वर पांढरा, खाली पिस्त्यासारखा हिरवा. मळ अजिबात दिसत नाही."

"अहो, मळ दिसायलाच हवा. दिसला नाही तर पुसणार कोण?" काकू खालून म्हणाल्या. सगळे हसले. या घरात काकूंच्या विनोदाला हसत, मत मात्र कुणी विचारत नसे.

मग टेप खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात गेली. तिथे भिंतीला टेकून एक वळकटी उभी होती, शेजारी पत्र्याची लहानशी पेटी.

"ही अडगळ हलवावी लागेल," किचनवाला म्हणाला. "हा तुमचा डेड कॉर्नर. ओटा वळतो तिथे हात पोचत नाही, जागा मरते. आपण इथे फिरता कप्पा बसवू. दार उघडलं की कप्पा गोल फिरून बाहेर! मेलेली जागा जिवंत."

सासूबाईंनी बंद असलेला नळ पुन्हा घट्ट केला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंची विळी थांबली नाही.

"तिथे काकू झोपतात," सूनबाई म्हणाली.

"ते बघू गं नंतर," सासूबाई घाईने म्हणाल्या. "काम चालेल तेवढ्यापुरतं काहीतरी करू."

तेवढ्यापुरतं! हा शब्द काकूंना नवा नव्हता. हे घर दोघा भावांनी खांद्याला खांदा लावून बांधलेलं. दारालगतची उजेडाची खोली धाकट्याची, म्हणजे काकूंच्या नवऱ्याची. तो ऐन उमेदीत गेला, मूलबाळ नव्हतं. वर्ष सरतं न सरतं तोच पुतण्याची परीक्षा आली. "धाकटे, त्याला अभ्यासाला तेवढ्यापुरती खोली दे गं," असं जाऊबाई म्हणाल्या आणि काकूंनी आनंदाने दिली. परीक्षा झाली, पुतण्या पास झाला, आणि खोलीत पाहुण्यांसाठी पलंग आला. काकूंचं अंथरूण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आलं ते तिथलंच झालं. कुणी त्यांना हाकललं नाही. चांगल्या घरांतून विधवेला हाकलत नाहीत, नुसतं सरकवतात.

तोच पुतण्या आता सूनबाईचा नवरा होता. तिने त्याच्याकडे विषय काढला.

"काकूंना पाहुण्यांच्या खोलीत राहू द्या ना."

"आणि पाहुणे आले तर?"

"पाहुणे येतील नि जातील. काकू घरच्या आहेत. मुळात खोली त्यांचीच की!"

"अगं, काकूंनी कधी तक्रार केलीय का? तू कशाला उकरून काढतेस?" त्याने कूस बदलली. बाळ रडायला लागलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

भिंत फोडायला माणसं आली त्या सकाळी कोपरा आधीच रिकामा होता. काकूंनी आपली वळकटी गॅलरीत नेली होती. सुंठीवाचून खोकला गेला, असं सासूबाईंना वाटलं असेल. पण खोकला गेला नव्हता, यायचा होता.

सूनबाईने वळकटी उचलली आणि तडक पाहुण्यांच्या पलंगावर नेऊन टाकली. काकू मागोमाग आल्या. पलंगाच्या कडेवरून त्यांनी एकदा हात फिरवला, खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि वळकटी काखेत मारली.

"काकू, असू दे ना इथे!"

"नको गं बाई. माझ्यावरून घरात वाद नको. आयुष्यभर एवढं एकच तर सांभाळलंय. आणि गॅलरीत वारा काय छान येतो!"

वारा छान येत होता, थंडीचा. फिरत्या कप्प्याचा सांधा चुकीच्या मापाचा आला, परत गेला, काम लांबलं. गॅलरीतच शेगडी मांडून काकू सगळ्यांचा स्वयंपाक करत आणि तोंड वळवून खोकत. खोकला छातीत उतरला, ताप चढला. तेव्हा कुठे त्यांना दवाखान्यात हलवलं.

सूनबाई बाळाला घेऊन त्यांच्याजवळ बसली होती. काकूंनी पांढऱ्या चादरीवर हात पसरला.

"केवढा उंच पलंग गं! सवयच नाही." मग दम खात, हळूच, "इथून नाही ना उठवणार मला? तेवढ्यापुरतं?"

"नाही काकू. कुणी नाही उठवणार."

कुणी उठवलंही नाही. दोन दिवसांनी काकूच गेल्या.

महिन्याभरात स्वयंपाकघर झालं. खरोखर देखणं झालं. शेजारीण बघायला आली. कोपऱ्यातलं दार उघडलं, कप्पा अलगद फिरून बाहेर आला, बरण्या एका ओळीत डुलल्या.

"अगंबाई, नामी युक्ती! इथे आधी काय होतं हो?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "डेड कॉर्नर होता."

"इथे आमच्या काकू झोपायच्या," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अर्धं घर त्यांच्या नवऱ्याचं होतं. या नकाशात शेगडीला जागा होती, कचऱ्याच्या डब्यालाही होती. काकूंना नव्हती."

शेजारणीने चहा अर्धाच ठेवला आणि काम आठवलं म्हणून गेली.

"चारचौघांत बोलायची गरज होती का?" शेजारणीमागे दार लावत सासूबाई म्हणाल्या.

"होती, आई. घरातल्या घरात बोलले ते फक्त भिंतींनी ऐकलं. आजपासून दारालगतची खोली काकूंची. त्यांची पेटी मी तिथे ठेवली आहे, ती कुणासाठी हलणार नाही." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बाळाने तिचं बोट गच्च धरलं. "आणि एक विचारते, राग मानू नका. देव न करो, पण उद्या बाबा नसले, तर तुमचं अंथरूण तेवढ्यापुरतं कुठे घालायचं? परवा माझं? आणि माझ्या या लेकीचं, तिच्या सासरी?"

ती बाळाला झोपवायला निघून गेली.

सासूबाई एकट्याच उभ्या राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून, वाकून त्यांनी त्या हिरव्या दाराआडचा कोपरा पाहिला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नजर नेली, पुन्हा आणली. पाय पोटाशी घेतल्याशिवाय तिथे माणूस मावत नव्हता.