मापाच्या वहीतला कॅप्टन

माझा दादा शाळेची बस चालवतो. चालवायचा, असं म्हणायला अजून जीभ वळत नाही. त्याआधी नऊ वर्षं तो लष्करात जखमींची गाडी चालवत होता. लोक त्याला विचारायचे, "किती मारलेत?" तो म्हणायचा, "मी उचलायचो." मग विचारणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. जसं काही यानंच त्यांचा हिरमोड करायचा विडा उचलला होता.

गोष्टी हव्या असतील तर कॅप्टनकडे जायचं. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात राहायला आला आणि बघता बघता सगळ्यांचा कॅप्टन झाला. बक्षीस समारंभ असो नाहीतर दुकानाचं उद्घाटन, पुढच्या खुर्चीत हाच. युद्धाच्या हिवाळ्यात म्हणे तो अख्खा डिसेंबर बर्फातल्या खंदकात होता, त्यातले अकरा दिवस उपाशी. शेवटी आवाज खाली आणून सांगायचा, "लढाई बघितलेला माणूस पुन्हा माणसात येत नाही. मी झोपेत बायकोचा गळा धरलाय." बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बस आली की दादाच्या हातांकडे बघत बसायच्या.

मग एकदा एक पोरगं चालत्या बसच्या दारात लटकलं आणि दादा त्याच्यावर ओरडला. कुठलाही ड्रायव्हर ओरडला असता. पण दादाच्या ओरडण्याची तक्रार झाली, चौदा पालकांच्या सह्यांनिशी. माजी सैनिक आहे, कधी डोकं फिरेल सांगता येत नाही, मुलं त्याच्या हाती नकोत. शनिवारी दुपारी सभा ठरली.

गुरुवारी कॅप्टन माझ्या दुकानात आला. मी कपडे शिवते. त्याला कोटावर रंगीत फिती लावून हव्या होत्या. "शनिवारी तज्ज्ञ म्हणून बोलावलंय," तो म्हणाला. कोट बसतो का बघायला मी टेप लावला आणि थबकले. डावा खांदा अर्धा इंच खाली. चेहरे मी विसरते, खांदे विसरत नाही. आणि गिऱ्हाईक शिंप्याकडे कुठं बघतं, ते आरशात बघतं.

माझं जुनं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथल्या मापाच्या वह्या मी ठेवल्यात. तो गेल्यावर फळीवरून त्या काढल्या. सापडला. नाव तेच, खांदा तोच, आणि हिवाळाही तोच. डिसेंबरच्या चौदा तारखेला सुटाचं माप, वीसला ट्रायल, पंचवीसला घेऊन गेला. ट्रायलला कंबर दीड इंच सैल करून घेतली होती. उपाशी राहून कंबर वाढवणारा हा एकटाच सैनिक असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी त्याचं भाषण संपेपर्यंत मी दात आवळून बसले. मग वही उघडली आणि तारखा वाचून दाखवल्या. कॅप्टन आधी हसला, मग घाम पुसायला लागला, मग फितींवर हात ठेवून मागच्या दारानं सटकला. मला वाटलं, जिंकले.

कसलं काय. दोन मिनिटं कुजबूज झाली. एक काका म्हणाले, "जाऊ द्या, बिचाऱ्याला मान हवा होता." मग सह्या गोळा करणारा औषधवाला उभा राहिला. "तो खोटा असेल. पण तो सांगत होता ते खरंच असतं ना? या लोकांचं असंच होतं."

"कुठल्या लोकांचं?" मी ओरडले. "खंदक खोटा, उपास खोटा, मग गळा तेवढा खरा कसा?" दादा कोपऱ्यात मांडीवर हात ठेवून बसला होता. सहा वर्षांत त्याच्या बसमध्ये एकाही मुलाचा गुडघा खरचटला नव्हता, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. शाळा त्यांची, निर्णयही त्यांचाच. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्यांच्याबरोबर एका घरात राहता. तुम्ही सांगाल ते मी मानेन. तुम्हाला कधी भीती वाटली नाही?"

नुसतं नाही म्हणायचं होतं. दादा परत आल्याला सात वर्षं झाली, त्यानं माझ्यावर साधा आवाज चढवलेला नाही. आणि तरी तो आला त्या दिवसापासून मी झोपताना खोलीला आतून कडी लावते. का, ते मी स्वतःलाही कधी विचारलं नाही. माझं "नाही" आलं, पण उशिरा आलं, आणि सगळ्यांना तो उशीर ऐकू गेला. त्या खोलीत मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर माझा.

दादा उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बाईनं पर्स छातीशी धरली. त्यानं बसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता मोठ्या बाईंना म्हणाला, "ती कडी लावते, बाई. रोज लावते. मला ऐकू येतं."