पुडीला हात लावायचा नाही

नियंत्रण कक्षात शिरायचं तर मोबाइल बाहेरच्या खणात ठेवायचा, खिशात पेन ड्राइव्ह असेल तर आधीच कबूल करायचं आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हे नियम कक्षप्रमुख च्यान युए-श्याने केले होते आणि त्यातून ती सख्ख्या भावालाही सोडत नसे. केंद्रप्रमुख वेन साहेबांचं नवं मनगटी घड्याळ फोनला जोडलेलं आहे असं कळल्यावर तिने तेही दाराबाहेर काढायला लावलं. कक्षात आले की साहेब दर दहा मिनिटांनी कुणाला तरी वेळ विचारायचे.

दक्षिण तैवानातल्या त्या जलशुद्धीकरण केंद्रावर चार गावांचं पाणी चालायचं. ऑगस्टमध्ये शहरातल्या मुख्य कचेरीतून पत्र आलं की पुढचा महिनाभर परीक्षक कधीही, कुठल्याही वेशात, तारेतून नाहीतर फाटकातून आत घुसायचा प्रयत्न करतील. केंद्र नापास झालं तर कक्षाला कुलूप लागेल, पाणी शहरातून चालवलं जाईल आणि इथल्या नऊ जणांच्या बदल्या होतील.

युए-श्याला बदलीचं काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते वादळाचं. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात शहराशी जोडणारी तार तुटली होती. अकरा तास तिने आणि तिच्या माणसांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून झडपांची चाकं हाताने फिरवली, म्हणून चार गावांचे नळ कोरडे पडले नाहीत. पुढच्या वादळात इथे कुलूप असेल तर ती चाकं फिरवणार कोण? हा प्रश्न तिने पत्र लिहून शहराला विचारलाही होता. उत्तर आलं नाही.

मग ती डोळ्यांत तेल घालून बसली. पहिल्या आठवड्यात सणाच्या बोनसची खोटी मेल आली, ती तिने कुणाला उघडू दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात शिडी घेऊन एसीवाला आला.

"आमचा एसी बिघडलाय हे आमच्याआधी तुम्हाला कळलं? हुशार आहात हो," ती म्हणाली. "चहा घ्या आणि निघा."

बिचारा खरोखरच चहा पिऊन गेला. वेन साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना डंपलिंग खिलवले आणि 'आपण जिंकल्यातच जमा' असं सांगून टाकलं.

निकाल सांगायला को पो-हान नावाचा परीक्षक आला. तिशीचा, चष्मेवाला, पोस्टात तिकिटं विकत असावा असा साधा. त्याने टेबलावर कागद पसरले. कुठली झडप किती वाजता किती उघडली, सगळं त्यात होतं.

"एकोणीस दिवस आम्ही आत होतो," तो म्हणाला.

"कुठून?" युए-श्याचा आवाज चढला.

"पंपाच्या कपाटावर हिरव्या पुड्या आहेत ना? त्यातली डावीकडची आमची. कपाटातल्या मीटरची बिनतारी जोडणी तुम्ही कधी बंदच केली नव्हती. आमचं यंत्र पुडीत बसून तेवढंच ऐकत होतं."

मक्याच्या खाऊच्या त्या पुडीच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ती पुडी त्याच्या डोक्यावर ठेवायची, अशी तैवानातली रीत. हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे चालू. तारीख उलटलेली चालत नाही, आणि तारीख असेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मोठमोठ्या पदव्यांचे इंजिनिअर ती हसत हसत ठेवतात, पण काढायला एकही धजत नाही. सातव्या चांद्र महिन्यातल्या पूजेसाठी पंपाच्या कंपनीकडून म्हणून बारा पुड्यांचं खोकं आलं होतं. युए-श्याने खोकं उघडून पुड्या मोजल्या, एकेकीची तारीख वाचली, आणि डावीकडची स्वतःच्या हाताने कपाटावर ठेवून वर नमस्कारही केला होता.

वेन साहेबांनी घाम पुसला. "कपाटं सफाईवाली पुसते. ती न्हुंग. कंत्राटी बाई, व्हिएतनामची. तिनेच ठेवली असणार. लिहा तिचं नाव, उद्यापासून बंद करतो तिला."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला साहेबांना कधीच वेळ लागत नसे.

परीक्षकाने ते लिहिलं नाही. "शेवटचा प्रश्न. महिनाभरात कुणाला काही वावगं दिसलं होतं? कुणी कुणाला नुसतं बोललं असेल तरी चालेल. माणसाने ओळखलं तर केंद्र पास धरतो."

"नाही," साहेब म्हणाले.

युए-श्याला मात्र आठवलं. बाराव्या दिवशी न्हुंग फडकं घेऊन तिच्या टेबलापाशी आली होती. "ताई, ती एक पुडी काढू का? मला ती जरा..." पुढचं युए-श्याने ऐकूनच घेतलं नव्हतं. सगळ्यांदेखत ती कडाडली होती, "वीस वर्षं झाली ना या गावात नांदायला येऊन? पुडीला हात लावायचा नाही एवढं कळत नाही? यंत्र बंद पडलं तर तुझा नवरा पाणी वाहणार आहे का?" सगळे हसले होते. न्हुंगही हसली होती आणि फडकं पिळायला निघून गेली होती.

आता मूग गिळून बसलं तर बाकी आठ जणांबरोबर आपलीही बदली होईल, आपल्याला त्यापलीकडे काही होणार नाही. बोललं तर कक्ष वाचेल, आणि त्या कक्षात आपण नसू. तिने फार वेळ घेतला नाही.

"दिसलं होतं. न्हुंगला. ती मला सांगायला आली आणि मी तिचं तोंड बंद केलं. पुडीही मीच ठेवली होती."

साहेबांनी न्हुंगला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, हातमोजे काढत.

"तुम्हाला त्या पुडीचं काही दिसलं होतं का?" को पो-हानने विचारलं.

न्हुंगने एकदा युए-श्याकडे पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. "नाही हो साहेब! मी कशाला बघू? मी हातसुद्धा लावला नाही. ताईंना विचारा, मी फक्त फरशी पुसते."

युए-श्याला लाज वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी. मेल अडवली, शिडीवाला अडवला, आणि सांगायला आलेल्या बाईलाही तिने तितक्याच चोखपणे अडवलं होतं. ती उठली आणि सगळ्यांदेखत कमरेत वाकली.

"न्हुंग, त्या दिवशी चुकलं माझं. तुझं खरं होतं. काय दिसलं होतं ते सांग."

"रागावणार नाही?"

"नाही."

"खरंच?"

"अगं, खरंच."

"गरम होती," न्हुंग हळूच म्हणाली. "पुसताना कोपर लागलं. खाऊ कधी गरम असतो का? आणि जडही होती."

को पो-हानने तारीख लिहून घेतली. केंद्र पास झालं. कक्षप्रमुख बदलावा अशी शिफारस त्याच कागदावर खाली आली आणि युए-श्याने त्यावर सही केली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून वेन साहेबांनी मोकळा श्वास घेतला आणि खुर्ची मागे सारली.

न्हुंग मात्र हलली नाही. ती हातमोजे चुरगाळत राहिली.

"ताई, मग बाकीचंही सांगितलं तर चालेल?"

"बाकीचं काय?"

"मागच्या फाटकाची कडी. वादळापासून नुसती अडकवलेली आहे, ढकललं की उघडतं. जनरेटरच्या खोलीची किल्ली कुंडीखाली असते, सगळ्या दूधवाल्यांना माहीत आहे. आणि तारा जातात ना, त्या खड्ड्यावरचं झाकण..."

साहेब पुन्हा बसले. को पो-हानने वहीचं नवं पान काढलं.

युए-श्याने आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "बसून सांग," ती म्हणाली. न्हुंग खुर्चीच्या कडेवर टेकली आणि सांगायला लागली. जेवणाची वेळ टळून गेली तरी तिचं संपलं नव्हतं.