म्यूरिएलचा चोर

“उंची पाच फूट तीन इंच. डोळे घारे. पुढचा एक दात पडलेला. आणि डाव्या दंडावर जलपरी गोंदलेली.” म्यूरिएल टनिक्लिफने चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. “असा होता आमचा एनॉक.”

चॅपेलमागच्या खोलीत जमलेली वीस-बावीस माणसं कौतुकाने हसली. पहिल्या रांगेतल्या एनिड मचिनने मात्र ओठ घट्ट मिटून घेतले. ही जलपरी ती चौथ्यांदा ऐकत होती.

कुळशोध मंडळाची ही शनिवार दुपारची बैठक. स्टॅफर्डशरच्या त्या कुंभारगावात प्रत्येकाचा पणजोबा भट्टीवर नाहीतर खाणीत राबलेला, त्यामुळे मंडळात राजघराण्याचं कुणी सापडेल अशी आशा कुणालाच नव्हती. इथे मान होता तो चोरांना. चोराला सरकार नीट न्याहाळतं, मोजतं, लिहून ठेवतं. सरळ मार्गाने जगलेल्या माणसाच्या वाट्याला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन एवढ्या तीन नोंदी येतात, आणि लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी एक फुली.

एनिडच्या घरात अशा फुल्यांचा नुसता सुकाळ होता. भट्टीत भांडी ठेवायला जाड मातीच्या पेट्या लागत. पेटी घडवणारा कारागीर वेगळा आणि त्याच्या हाताखाली पेटीचा तळ थापणारा गडी वेगळा. तिचे मचिन तीन पिढ्या तळ थापणारे. कुणी कोंबडीसुद्धा चोरली नाही. दारू पिऊन दंगा केल्याबद्दल तरी कुणाला पकडलं असेल म्हणून तिने एक अख्खा हिवाळा कोर्टाची दफ्तरं चाळली होती. सगळे मेले शहाण्यासारखे कामाला जात आणि घरी येत.

आणि म्यूरिएलला, पहिल्याच महिन्यात, बसल्याजागी एनॉक मिळाला. खापरपणजोबाचा भाऊ. चीजचा एक गड्डा आणि परक्याचा कोट चोरला म्हणून अठराशे चौतीस साली सात वर्षं काळ्या पाण्यावर, थेट टास्मानियाला.

तसं म्यूरिएलला सगळं बसल्याजागीच मिळायचं. दोघी पंधराव्या वर्षी एकाच दिवशी कारखान्यात लागल्या. म्यूरिएलला कपांवर गुलाब रंगवायला बसवलं, एनिडला काठाच्या रेघा ओढायला. छत्तीस वर्षं एनिडने रेघा ओढल्या. “तुझी रेघ किती सरळ गं,” असं म्यूरिएल म्हणायची, तेव्हा एनिडच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

यंदा तर कहर झाला. वर्षाचं मोठं भाषण एनिडला द्यायचं ठरत आलं होतं. तिने तीन पिढ्यांची फाइल तयार केली, केस सेट करून घेतले. मग अध्यक्ष हॅरल्ड, हा निवृत्त पोस्टमन, दारात येऊन ओशाळं हसला होता.

“एनिड, राग मानू नका. लोकांना ना, जरा गोष्ट लागते हो. तळ थापला, मेला, तळ थापला, मेला... काय सांगणार त्यात? म्यूरिएलचं होऊ द्या. तुमचं बघू पुढच्या वर्षी.”

एनिडने त्याला चहा दिला, बिस्किटही दिलं. दुसऱ्या दिवशी ती बस पकडून दफ्तरखान्यात गेली. स्वतःचं कुळ सोडून पहिल्यांदाच ती दुसऱ्याचं उकरायला बसली होती.

कुळ शोधणाऱ्याने जन्म सापडला की आधी माणसाला मारून टाकायचं, म्हणजे तो लहानपणीच गेला नाही ना हे दफनाच्या वहीत बघायचं. हा पहिला धडा. तो म्यूरिएलने गाळला असणार याची एनिडला खात्री होती, कारण छान काही हाती लागलं की म्यूरिएल पुढे बघत नसे. तिसऱ्या गुरुवारी मायक्रोफिल्मच्या यंत्रावर ती नोंद तिच्या डोळ्यांसमोर सरकत आली. एनॉक, जोसेफ आणि हॅना टनिक्लिफ यांचा मुलगा, म्हणजे आईबाप म्यूरिएलच्या तक्त्यातलेच. जून अठराशे पंधरा. वय चौदा महिने.

म्हणजे जलपरीवाला कुणी भलताच एनॉक होता. पोर गेल्याची नोंद वाचून एखाद्या बाईला इतका आनंद व्हावा हे काही बरं नव्हे, पण झाला. एनिडने दोन प्रती काढल्या.

खरं तर मंगळवारीच सांगता आलं असतं. मंगळवारी ती म्यूरिएलच्या स्वयंपाकघरात बसून चीज घातलेली ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, खात होती, आणि तो कागद तिच्या पर्समध्ये होता. म्यूरिएलने टास्मानियाच्या बंदराचं चित्र दाखवलं. “त्याला तिथे उकडत असेल नाही गं?” असं काळजीने विचारलं. एनिडने आणखी एक ओटकेक मागून घेतली.

“कुणाला काही विचारायचंय?” हॅरल्डने म्हटलं.

एनिड उठली. कागद पुढे धरला. “म्यूरिएल, दफनाची वही बघितली होतीस का गं तू?”

“दफनाची? तो तर तिकडे टास्मानियात...”

“वाच की.”

म्यूरिएलने वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोट ठेवून. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. ती रडेल, भांडेल, निदान लाल तरी होईल, म्हणून एनिड तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“चौदा महिने,” म्यूरिएल म्हणाली. “म्हणजे पाऊल टाकायला लागला असेल नाही, नुकता?”

टेबलावर भिंतीला चिकटवायच्या कागदाची गुंडाळी उलगडलेली होती, तिच्या पाठीवर टनिक्लिफांचं सगळं कुळ चित्रांसकट काढलेलं. म्यूरिएलने पेन्सिलीच्या मागच्या रबराने जहाज खोडलं. मग तुरुंग, मग जलपरी. सावकाश, कागद फाटू न देता. एनॉक या नावाखाली तिने दोन सालं लिहिली, चौदा आणि पंधरा, आणि रबराचा भुगा तळहाताने झटकला.

“मी सहा वर्षं भलत्याच माणसाचं करत बसले,” ती म्हणाली. “आणि हा आपला इथेच होता. बरं केलंस एनिड, शोधलंस ते.”

पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसू लागली. हॅरल्ड उठून म्यूरिएलसाठी पाणी आणायला धावला. एनिड कागदाची दुसरी प्रत हातात घेऊन उभीच होती. चोर नेला तर हिला बाळ मिळालं. तिचा पुन्हा तसाच जळफळाट झाला, आणि या वेळी तिला स्वतःचीच किळस आली.

“हॅरल्ड, मला नको पाणी,” म्यूरिएल म्हणाली. “माझं भाषण तर संपलंच. अर्धा तास उरलाय. एनिडला वाचू द्या ना. फाइल असते तिच्या पिशवीत.”

“हो, हो, वाचा,” हॅरल्ड म्हणाला.

म्यूरिएल आपली गुंडाळी उचलून एनिडच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. एनिड टेबलामागे गेली. या क्षणाची तिने वर्षभर वाट पाहिली होती. तिने फाइल उघडली.

“अ‍ॅब्राहम मचिन,” तिने सुरुवात केली. “पेटीचा तळ थापणारा. याने सही केली नाही, फुली केली.”

लोक माना उंचावून म्यूरिएलकडेच बघत होते. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. म्यूरिएलने मांडीवर हात जुळवले होते, डोळे लाल झाले होते, आणि त्या सगळ्या खोलीत तिचं एकटीचंच लक्ष अ‍ॅब्राहम मचिनकडे होतं.

“फुली कशी गं?” तिने विचारलं. “सरळ की तिरकी?”