आज डब्याला सुट्टी

“म्हणजे पेन ड्राइव्ह गेला आता?” देवाजीकाकांनी विचारलं.

“गेला. केंद्रांवरचे डबे आता आपसातच देऊन-घेऊन राहिले काका. एका डब्यानं नवं व्हर्शन घेतलं का शेजारच्या गावचा डबा त्याच्यापासून घेते, पुढचा त्याच्यापासून.”

“अन् मधातच लाइन गेली त?”

“जिथं थांबलं तिथून पुढं. अन् नवं नाहीच जमलं, त आपोआप जुन्यावर वापस.”

“आपोआप?”

“आपोआप.”

काकांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि माझ्या शेजारी बसून म्हणाले, “वाच वं अजून.”

मी वाचत गेले. नव्या व्हर्शनमध्ये काय काय बदललंय याची ती यादी एरवी कोणी जेवणानंतर झोप येण्यासाठी वाचावी अशी असते. पण त्या दिवशी मी ती मोठ्यानं, ओळ न ओळ वाचली. जुन्यापेक्षा निम्म्या मेमरीत चालणार, म्हणजे आमचे म्हातारे डबे भंगारात जायचे नाहीत. आणि इंटरनेट नसलं तरी डबा स्वतःचं काम स्वतः करणार, नेट आलं की हिशेब वर पाठवणार. या एका ओळीसाठी मी दोन वर्षं थांबले होते, आणि काका माझ्याही आधीपासून.

आमचं ऑफिस सीताबर्डीच्या एका गल्लीत, कपड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक गौरांग, प्रोग्रामिंगला मी रोशनी, आणि बाहेरची सगळी कामं देवाजीकाकांकडे. सावनेरच्या पलीकडे काही गावांतल्या दूध संकलन केंद्रांवर आमचे छोटे कॉम्प्युटर बसवलेले आहेत. विटेएवढे असतील. त्यांना सगळे डबेच म्हणतात. दुधाचं वजन, फॅट, पावती, सगळं तो डबा बघतो. आत प्रत्येक काम वेगळ्या कंटेनरमध्ये चालतं. हे मी एकदा केंद्रावरच्या बायकांना समजावत होते तेव्हा माझी पार दांडी उडाली होती. शेवटी काका म्हणाले, “मिसळणाचा डबा असते ना घरी? हळदीची वाटी सांडली म्हणून जिरं खराब होते काय? तसंच हे.” बायकांना कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच नीट कळलं.

अडचण होती ती शेवटच्या चार गावांची. तिथला टॉवर लहरी. नेट गेलं की जुना डबा मान टाकायचा, पावती थांबायची आणि बायका कॅन घेऊन उन्हात उभ्या राहायच्या. एका उन्हाळ्यात दोन वेळचं दूध नासलं. तेव्हापासून डेअरीच्या अस्मिता मॅडम मागे लागल्या होत्या, की ही चार केंद्रं बंद करून सगळ्यांना सावनेरलाच दूध आणायला सांगू. सावनेरला रोज दोनदा दूध नेणं घरच्या बायकांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी म्हशी विकल्या असत्या. मॅडमनी शेवटची मुदत दिली होती: नव्या व्हर्शनवर एक दिवस संध्याकाळचं संकलन नेटशिवाय करून दाखवा. जमलं तर केंद्रं राहतील.

आणि जमलं तर काकांची फेरीही संपणार होती. गेली कित्येक वर्षं दर बुधवारी काका स्कूटरवर त्या चार गावांना जायचे. खिशात नव्या व्हर्शनचा पेन ड्राइव्ह, डिकीत स्क्रूड्रायव्हर आणि कोणाची ना कोणाची औषधं. आल्यावर गावागावाच्या बातम्या सांगायचे. मी एकदा त्यांना म्हटलंही होतं, “काका, हे चाललं त तुमचं जाणं बंद होईल.”

“होऊ दे ना. केंद्र राह्यलं पाहिजे. माही स्कूटर बी म्हातारी झाली,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

तर परीक्षेच्या दिवशी सकाळी गौरांग घामाघूम होऊन ऑफिसात शिरला. “मेट्रोनं आलो यार. आईनं गाडी धुऊन, हार घालून ठेवलीय. म्हणते आज चालवायची नाही. झालं ना तयार?”

“तयार,” मी म्हटलं.

पडद्यावर चारही गावांचे ठिपके हिरवे होते. पाण्याच्या टाक्यांवर काकांनीच चढून बसवलेल्या छोट्या अँटेना होत्या. त्यांवरून आजवर ‘मी चालू आहे’ एवढाच निरोप यायचा. आता त्याच अँटेनांवरून डबे एकमेकांना अख्खं व्हर्शन देणार होते. योगायोग असा, की रस्त्याच्या खोदकामात टॉवरची केबल तुटून तिथलं नेट सकाळचं दूध घेऊन झाल्याबरोबर गेलं होतं. परीक्षेला याहून चांगला दिवस मिळाला नसता. सावनेरपर्यंत केबलवरून आणि तिथून अँटेनेवरून पहिल्या गावाला, म्हणजे अंजनाबाईंच्या केंद्राला, व्हर्शन पाठवायचं आणि मग हात बांधून बसायचं.

“काका, तुम्ही दाबा,” मी म्हटलं.

काकांनी हात पँटला पुसले आणि बटण दाबलं. अंजनाबाईंच्या ठिपक्यावर एक गोल फिरू लागला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. थोड्या वेळानं ठिपका परत हिरवा झाला, शेजारी नव्या व्हर्शनचा आकडा. काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला.

आता पाळी दुसऱ्या गावाची, यमुताईंच्या केंद्राची. गोल फिरायला सुरुवात झाली, अर्ध्यावर आला आणि ठिपका लाल झाला. आम्ही काही बोलायच्या आत त्याच्या पुढचा लाल झाला. मग शेवटचा.

“मेले,” गौरांग म्हणाला. “रोशनी, तुझ्या नव्या व्हर्शननं मारले सगळे.”

“पुढच्या दोघांपर्यंत व्हर्शन पोहोचलंच नाही, त्यांना कशानं मारलं?” मी म्हटलं. यमुताईंना फोन लावला, लागला नाही. टॉवरच नव्हता तर लागणार कसा? तेवढ्यात अस्मिता मॅडमचा फोन आला. गौरांग अगदी लग्नातल्या मुलीच्या बापासारखा गोड बोलत गॅलरीत गेला.

मी पडद्याकडे बघत बसले. तीन लाल आणि अंजनाबाई एकट्या हिरव्या. अंजनाबाईंचं घर आमच्यासारखंच, बौद्ध. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे त्या पहाटेच दीक्षाभूमीला निघणार. मला परवाच निरोप पाठवला होता त्यांनी, की तिथं भेट. दसरा उद्या. मग आज काय आहे?

“काका,” मी म्हटलं, “गौरांग सरच्या आईनं आज गाडी काहून नाही देली?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “खंडेनवमी.”

मग हसू आवरेना त्यांना. हसता हसता सांगितलं ते असं. डबे बसवले त्या पहिल्याच वर्षी बायकांनी खंडेनवमीला चालू डब्यावर हळदीकुंकवाचं पाणी शिंपडलं होतं आणि आतून धूर निघाला होता. तेव्हा काका प्रत्येक केंद्रावर जाऊन बजावून आले होते: पूजा करा, खुशाल करा, पण आधी प्लग काढा. तेव्हापासून दरवर्षी सकाळचं दूध आटोपलं की बायका शहाण्यासारखा प्लग काढतात. अंजनाबाईंकडे ही पूजा नाही, म्हणून त्यांचा तेवढा डबा जागा.

“माह्याच शाळेतल्या पोरी त्या,” काका म्हणाले. “अन् मास्तरच परीक्षेच्या दिवशी सुट्टी हाये हे विसरला.”

गौरांगला सांगितल्यावर तो आधी हसला आणि मग रडकुंडीला आला. “पण संध्याकाळी ऐनवेळी चालू केला तर डबा जुन्याच व्हर्शनवर उठेल. नेट नाही म्हणून परत मान टाकेल. मॅडमना दुसरी तारीख मागितली तर त्या केंद्रं बंदच करतील.”

काकांनी हेल्मेट उचललं. मी त्यांच्या मागे बसले. फेरी संपवणारं व्हर्शन पोहोचवायलाच काका फेरीला निघाले होते.

यमुताईंचं केंद्र म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. आत पाटावर आमचा डबा बसला होता. स्वच्छ पुसलेला, कपाळावर कुंकू, वरून झेंडूचा हार. शेजारी फॅटचं मशीन, वजनकाटा आणि यमुताईंचा विळासुद्धा. पुढे दिवा तेवत होता. दूध थंड ठेवायची टाकी तेवढी चालू होती, तिला हार घालून मोकळी सोडली होती.

यमुताई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. काकांना बघून चकित झाल्या. “आज काहून आले गा भाऊ? आज का बुधवार हाये?”

काकांनी सगळं सांगितलं. यमुताईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “बराबर हाये तुमचं. पन दिवा हाय तवर मी त्याले उठवत नाही. आज त्याले सुट्टी हाये. वर्षभर माह्या संगं उठते, माह्या संगं झोपते. एक दिवस बी नाही द्यायचा काय?”

“ताई, पण संध्याकाळचं दूध...” मी सुरू केलं.

काकांनी मला थांबवलं. चपला काढून ते भिंतीला टेकून बसले. मी त्यांच्या कानाशी लागले, “सांगा ना काका त्यायले.”

“मीच शिकवलं. आता कोनत्या तोंडानं सांगू?”

मग आम्ही दिव्याकडे बघत बसलो. उन्हं उतरू लागली. पहिली बाई कॅन घेऊन आली, दिव्याकडे बघून उंबऱ्यावरच बसली. दुसरी आली, तिसरी आली. हळूहळू सगळी ओळ त्या ज्योतीकडे टक लावून बसली. ज्योत अशी मजेत तेवत होती की मला फुंकर मारावीशी वाटली. मी तसं पापही केलं असतं, पण यमुताईंचं माझ्यावर बारीक लक्ष होतं.

ज्योत एकदा मोठी झाली, फडफडली आणि विझली. यमुताईंनी डब्याला हात जोडले, हार काढून खुंटीला टांगला आणि स्वतः प्लग लावला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तेल मोजूनच टाकलं होतं वं पोरी. दूध वाया जाऊ देईन काय मी?”

डब्याचा दिवा लुकलुकला. मी लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. डब्यानं शेजारी कोण आहे ते विचारलं, अंजनाबाईंच्या डब्यानं ओ दिली आणि अर्ध्यावर थांबलेला गोल जिथं थांबला होता तिथून पुढे फिरू लागला. अगदी यादीत लिहिलं होतं तसा. पहिल्या कॅनचं झाकण निघेपर्यंत यमुताईंच्या डब्यावर नवं व्हर्शन चढलेलं होतं. त्यानं लगेच पुढच्या गावाकडे हात पुढे केला. तिथलाही प्लग लागला होता.

दूध ओतलं. वजन झालं, फॅट लागला, आणि टॉवर मेलेला असताना, आकाशात नेटचा कण नसताना, खरखरत पावती बाहेर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पावतीसाठी कोणी रडतं का? मी रडले.

त्या बाईनं पावती उजेडात धरली. “फॅट वाढवून देते काय हे नवं?”

“फॅट म्हशीले विचार बाई,” काका म्हणाले आणि सगळी ओळ हसली.

शेवटचा कॅन रिकामा झाल्यावर यमुताईंनी काकांसाठी चहा आणला, नेहमीच्या काठ दबलेल्या स्टीलच्या ग्लासात. “मंग आता बुधवारी येनार नाही तुम्ही?”

“काम नाही राह्यलं ना ताई. आता त्याचं तोच घेते.”

“काम नाही म्हून येनं बी नाही?”

काकांनी चहा संपवला, ग्लास विसळून फळीवर उपडा ठेवला आणि हेल्मेट घातलं.

सावनेरजवळ फोनला रेंज आली तसा गौरांगचा फोन खणखणला. चारही हिरवे, अँटेनांवरून हिशेब सगळा मिळाला, मॅडम म्हणाल्या केंद्रं राहू द्या. मी मागच्या सीटवर अशी ओरडले की शेजारचा ट्रकवाला दचकला. काकाही ओरडले.

आता काका ऑफिसात पडद्यासमोर बसतात. त्यांना आवडतंही ते. ठिपक्यांशी बोलतात, नवी यादी आली की माझ्याआधी वाचतात आणि गौरांगला समजावतात. फक्त बुधवारी सकाळी त्यांचं लक्ष नसतं. खिडकीतून खाली लावलेल्या स्कूटरकडे बघत बसतात.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी यमुताईंचा ठिपका लाल झाला.

“रोशनी, बघ काय झालं,” गौरांग म्हणाला.

मी बघितलं. गावात वीज होती. त्याच खोलीतल्या, त्याच बोर्डवरच्या दुधाच्या टाकीचा सेन्सर थेट अँटेनेवर सांगत होता, की टाकी व्यवस्थित थंड चालू आहे. अँटेना चालू, शेजारचे डबे चालू. फक्त आमच्या डब्याचा प्लग कोणीतरी काढला होता.

“सर, इथून काही समजून नाही राह्यलं,” मी म्हटलं. “कोणाले तरी जावं लागते.”

काकांच्या हातात हेल्मेट आधीच होतं.

दुपारी ठिपका हिरवा झाला. आणि पुढच्या बुधवारी अंजनाबाईंचा लाल झाला.