लाकडी खोलीचं आमंत्रण

कुकरची शिट्टी झाली आणि दाराबाहेरची चुळबुळ एकदम थांबली.

नुकतीच लीसाने बेल वाजवली होती. मी भिंतीला पाठ लावून उभी, एक हात माझ्या लेकीच्या, रिद्धीच्या तोंडावर. तान्हं आत पाळण्यात झोपलेलं. टीव्ही बंद केला होता, पंखासुद्धा. गॅस तेवढा विसरले.

लीसा फिनलंडची. तिच्या नवऱ्याला अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी लागली, तेव्हा बदलापूरच्या खरवईतलं आमचं मागचं घर आम्ही त्यांना भाड्याने दिलं. त्यांची मुलगी ऐनो माझ्या रिद्धीएवढीच. "अगं ए, थांब ना!" असं ओरडायला ती आठवड्याभरात शिकली. लीसा मात्र कमी बोलते. आमचं दोघींचं मोडक्या इंग्रजीत चालतं. माझं तान्हं रडायला लागलं की न बोलावता येते, त्याला खांद्यावर घेते आणि म्हणते, "तू जेव." सासरी आल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

परसात त्यांनी मोरीएवढी लाकडी खोली बांधली. आत दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं आणि वाफेत बसायचं.

"बदलापूरच्या उन्हात नुसतं उभं राहा की, फुकट आहे," मी चिडवलं.

ती हसली. "घामासाठी नाही गं. आपली माणसं जमतात तिथे."

सासूबाईंनी कुठूनसं ऐकलं होतं. "सगली उघडी बसतान म्हने गो तिथं. लाज नाय काय नाय!"

आणि परवा लीसाने विचारलं, "शनिवारी येशील? फक्त आपण दोघी आणि मुली."

"हो हो, येऊ की! नक्की!" मी म्हटलं. आपल्याकडे अशा 'नक्की'चा अर्थ 'बघू' असतो, हे बोलणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही कळतं. लीसाने मात्र वेळ विचारली. मी सहा सांगितली.

आज शनिवार. सकाळी तिला कडुनिंबाच्या डहाळ्या हव्या होत्या. मीच तोडून दिल्या. तिकडे दुसऱ्या झाडाच्या असतात म्हणे, वाफेत बसून अंगावर हलकेच मारून घेतात. तिने त्यांची जुडी बांधली. दुपारभर त्यांच्या परसातून धूर निघत होता आणि मी खिडकीतून बघत होते.

सासूबाईंवर ढकलता आलं असतं, पण त्या हळदीला कुळगावला गेल्या होत्या. खरं म्हणजे दोन बाळंतपणांनंतरचं हे पोट मी नवऱ्यालाही उजेडात दाखवत नाही. 'मला लाज वाटते गं,' एवढंच सांगायचं होतं. गाऊन घालून ये, लीसा म्हणाली असती. तेवढंही तोंडातून निघालं नाही, आणि आता स्वतःच्याच घरात चोरासारखी उभी होते.

बाहेर लीसा ऐनोशी तिच्या भाषेत हळू काहीतरी बोलली. बेल पुन्हा वाजली नाही. पावलं लांब गेली.

मी दार उघडलं. पायपुसण्याच्या बाजूला दोन कोरे टॉवेल घडी करून ठेवलेले, एक मोठा, एक छोटा. वर कडुनिंबाची जुडी. छोट्या टॉवेलवर स्केचपेनने काढलेली वाकडी मांजर.

रिद्धीने तो उचलून पोटाशी धरला. मांजरीवरून बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, उद्या ऐनोने मला विचारलं, तू कुठे होतीस, तर मी काय सांगू?"