मालकीण नसलेलं नाव

सहा दिवसांत फिक्रियाने आपल्या मुलीचं नाव अकरा जणांना सांगितलं आणि अकराही जणांनी आधी एकच विचारलं, "काय?"

"मरसा."

मरसा म्हणजे होडी येऊन लागते ती जागा. नदी समुद्राला मिळेपर्यंत त्यांच्या गावात अशा आठ-नऊ तरी होत्या. तिथे मासळी उतरायची, जाळी वाळायची, मांजरं भांडायची. पोरीला हे नाव कुणी ठेवलेलं मात्र कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सने लिहिता लिहिता पेन उचललं. "मुलगी झालीय, माहितेय ना तुम्हाला?" शेजारची उम्म वहीद, म्हणजे वहीदची आई, भात आणि कोंबडी घेऊन आली, बाळाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि नाव ऐकून म्हणाली, "अगं, पोरीला नाव ठेवतेस की तिच्यावर पाटी ठोकतेस?" नणंद सुहैर तर पोट धरून हसली. "शाळेतली पोरं विचारतील बघ, आमची होडी बांधू का गं तुला!" कुवेतहून दिराचा फोन आला. नाव ऐकून तो म्हणाला, आवाज नीट येत नाही. आवाज अगदी नीट येत होता.

नवरा शुक्री बोटी रंगवायचा. तो म्हणाला, "वाईट नाही." आमटीत मीठ जास्त झालं की तो हेच म्हणायचा.

फिक्रियाला कुणाशी वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. टाके ओढत होते, छाती दगडासारखी झाली होती, डोळा लागला की बाळ उठायचं आणि बाळाचा डोळा लागला की पाहुणे उठायचे नाहीत. विचारलं की ती नाव सांगायची, समोरच्याचा चेहरा बदलताना बघायची, आणि उशी सारखी करायची. पोरांची नावं वेगळी ठेवायची हौस असते म्हणतात काही बायकांना. तिला कसली हौस? तिला फक्त एक रिकामं नाव हवं होतं.

तिचं स्वतःचं नाव मेलेल्या आत्याचं होतं. ती आत्या म्हणे शांत होती, सुगरण होती, सहा वर्षांची असल्यापासून रोजे धरायची. आजीने ते नाव नातीला दिलं आणि मग बावीस वर्षं नातीची तिच्याशी तुलना केली. पेला फुटला की, "माझ्या फिक्रियाने कधी फोडला नाही हो." लग्नाला नाही म्हणाली तेव्हा, "माझी फिक्रिया नाही म्हणाली असती का?" आपल्याच नावात भाडेकरू म्हणून राहावं तसं ती राहिली. म्हणून मुलीला असं नाव, ज्यात आधी कुणी राहून गेलेलं नाही. एवढंच. पण हे सांगायला बसायचं म्हणजे सगळं लहानपण काढावं लागणार, आणि तोवर बाळ उठणार.

राहिल्या सासूबाई, हाज्जा बहिया. नाव ऐकून त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "सातव्या दिवशी मेणबत्त्या लावू. ज्या नावाची शेवटपर्यंत जळेल, ते ठेवायचं."

त्यांच्या मनात कुठलं नाव होतं ते सगळ्या घराला माहीत होतं. इन्शिराह. त्यांची धाकटी. अकरा वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. तिचा फोटो भिंतीवर नव्हता, कपाटात होता, आणि त्या कपाटाची किल्ली हाज्जाच्या गळ्यात.

सातव्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. शेंगदाणे आणि गोळ्यांच्या पुड्या वाटल्या, पोरांच्या अंगावरून मीठ उधळलं. परातीत वाळू पसरून तीन मेणबत्त्या रोवल्या: इन्शिराहची, सुहैरला आवडलेल्या रुदैनाची, आणि मरसाची. परात दाराजवळच्या स्टुलावर होती. रुदैना वाकडी रोवली गेली होती, ती भराभर वितळून आधी संपली. सुहैर म्हणाली, "नजर लागली." मग उम्म वहीदने पाहुण्यांसाठी दार उघडलं, खाडीवरचं वारं आत आलं, आणि मरसा विझली. अर्धीसुद्धा जळली नव्हती.

"इन्शिराह!" कुणीतरी ओरडलं आणि बायकांनी जिभा हलवून आनंदाची किंकाळी फोडली.

रिवाजाप्रमाणे मोठ्या चाळणीत निजवलेल्या बाळाकडे फिक्रियाने पाहिलं. पहिला पेला फोडायला अजून वर्ष तरी लागेल, एवढंच तिच्या मनात आलं.

"चल, ओलांड," हाज्जा म्हणाल्या. त्या बाळाच्या डोक्याशी पितळी खलबत्ता घेऊन बसल्या. आता फिक्रियाने सात वेळा चाळणी ओलांडायची आणि बाळाच्या आजीने खल वाजवून बाळाला शिकवण द्यायची. एक पाय उचलताना टाके असे ओढले की तिने भिंत धरली.

ठण ठण. "इन्शिराह, आईचं ऐक!"

दुसऱ्यांदा. "इन्शिराह, बापाचं ऐक!"

तिसऱ्यांदा. "इन्शिराह, आजीचं मुळीच ऐकू नकोस!" सगळ्या हसल्या. हे दर घरी म्हणतात आणि दर घरी हसतात.

फिक्रियाने चौथ्यांदा पाऊल टाकलं. ठण. "इन्शिराह, ओल्या केसांनी झोपू नकोस!"

एकदोघी हसल्या आणि थांबल्या. बाळाच्या डोक्यावर केस नव्हते. हाज्जाच्या हातातला बत्ता वरच राहिला. त्या चाळणीकडे बघत होत्या, पण बाळाकडे नाही.

"आई," फिक्रिया हळूच म्हणाली.

"हे नाव रोज घ्यायचं का गं मी?" हाज्जाने विचारलं. "दूध पी म्हणून. गप्प बस म्हणून. दाराबाहेर जाऊ नको म्हणून. रोज?"

फिक्रिया चाळणीच्या एका बाजूला उभी होती. दया होती की थकवा, तिचं तिलाही कळलं नाही. "ठेवा तेच नाव, आई," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही."

"तू गप्प बस. नाही म्हणत नाही म्हणे!" हाज्जाने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "ती माझी आहे. मी नाही देणार कुणाला. हिचं दुसरं बघा."

"मग रुदैना!" सुहैर पुढे सरसावली.

"रुदैना जळून संपली."

"आणि मरसा विझली नाही का?"

"ती वाऱ्याने विझली. वाऱ्याने विझलेली धरत नाहीत."

"धरत नाहीत? कुणी सांगितलं?" उम्म वहीदने कमरेवर हात ठेवले. "आमच्याकडे धरतात बाई. माझ्या वहीदचं नाव तसंच पडलं."

"मग पडलं ना चुकीचं! मी सांगते ना, धरत नाहीत. दार कुणी उघडलं होतं गं, उम्म वहीद?"

उम्म वहीद पुडीतले शेंगदाणे मोजायला लागली.

हाज्जाने बत्ता पुन्हा धरला. "मरसा," त्यांनी एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, नवी भाजी चाखावी तसं. चेहरा काही खुलला नाही. "सवयच नाही तोंडाला. काय तरी बाई!" मग ठणकन वाजवून, घर हादरेल अशा आवाजात, "मरसा! आईचं ऐक!"

बाळ दचकलं आणि सहा दिवसांत रडलं नव्हतं इतक्या मोठ्याने रडलं.

"पोचलं वाटतं," हाज्जा म्हणाल्या. डोळे ओलेच होते. त्यांनी मोकळा हात वर करून फिक्रियाचं कोपर धरलं. "किती झाले?"

"चार."

"तीन राहिले. मग जाऊन आडवी हो, उठायचं नाही. आलेल्या बायकांना मी बघते."

फिक्रियाने त्यांच्या हातावर भार टाकला आणि पाय उचलला.